एकेचाळीस पाणझाडं

क्षमा करणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. चकतीताई आवडायची ती म्हणूनच. केबलमधल्या तारेवर प्लास्टिकचं जाड वेष्टन असतं. त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायचं काम तिचं, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून नोंदवायचं माझं. शेजारशेजारच्या टेबलांवर आम्ही नऊ वर्षं काढली. चकती जाड निघाली की ती स्वतःला शिव्या घालायची, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, दारावरून गेले की त्यांना. साहेबांना घातलेल्या शिव्या मनातल्या मनात असायच्या, पण ओठ हलायचे.

कारण तिने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. तिचे बाबा केबल जोडणारे कारागीर. त्यांनी केलेल्या जोडाजवळ एक केबल फुटली आणि अर्धं शहर अंधारात गेलं. तपासाला तुकडा आमच्याकडे आला. साहेबांनी अहवाल दिला: वेष्टन निर्दोष, चूक कारागिराच्या सुरीची. बाबांचा परवाना गेला. उभा जन्म सुरी चालवलेला माणूस घरात भाजी चिरायलाही सुरी धरेना.

"मी इथे पगारासाठी आलेले नाही," ती म्हणाली. "तो तुकडा अजून कपाटात आहे."

कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि त्यांच्या सहीशिवाय सील फोडायचं नाही. ती थांबली. डूख धरावा तर तिनेच.

यंदा कपाट भरलं. जुने तुकडे टाकून द्यायचे, मात्र टाकण्याआधी प्रत्येकाची एक शेवटची चकती तपासायची आणि नोंदीवर प्रमुखाने स्वतः बघून सही करायची, असा नियम खुद्द साहेबांनीच काढला. तीनशे तुकड्यांच्या यादीवर त्यांनी न वाचता सही ठोकली. दोनशे बारावा तुकडा बाबांच्या जोडाजवळचा होता.

त्याची चकती मी पाहिली. एकदम स्वच्छ. म्हणजे चूक बाबांचीच?

"तोंड काय पाडतोस?" ती म्हणाली. "अजून उकळायचीय."

वेष्टनात ओल शिरली की विजेच्या ताणाखाली आत बारीक फांद्या फुटत जातात, वर्षानुवर्षं. त्याला आम्ही पाणझाड म्हणतो. चकती वाळली की ते दिसेनासं होतं, गरम पाण्यात ठेवली की परत दिसतं. हे आमच्याकडे नवशिक्यालाही ठाऊक असतं. साहेबांनाही होतं. पण जुन्या नोंदवहीत त्यांच्याच अक्षरात होतं: चकती कापली सोमवारी, पाहिली पुढच्या मंगळवारी. आठ दिवस खिडकीत वाळलेली चकती बघून ते गरिबाच्या माथी खापर फोडून मोकळे झाले होते.

दुपारभर चकती गरम पाण्यात राहिली, मग निळ्या रंगात. संध्याकाळी मी डोळा लावला आणि मोठ्याने ओरडलो. जोडापासून वीतभर लांबचा तो तुकडा, जिथे बाबांची सुरी पोचलीच नव्हती, आणि आत झाडंच झाडं.

साहेब आले. बघितलं. घाम पुसला.

"त्या वेळी वाळलेली चकती बघितली गेली असेल."

"गेली असेल नाही, साहेब. तुम्ही बघितलीत."

"अहो ताई, आता उकरून कुणाचं भलं होणार? वडिलांचंही वय झालं."

"मोजा."

"वीस-पंचवीस लिहून टाकू."

"मोजा."

साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकून मोजू लागले. दोनदा आकडा चुकला, दोनदा तिने पहिल्यापासून मोजायला लावलं. एकेचाळीस. मला दया यायला हवी होती. नाही आली.

"दुरुस्त अहवाल उद्याच टपालाने पाठवतो," साहेब म्हणाले.

"टपाल नको. घरी येऊन वाचायचा. नाहीतर ही नोंदवही वर जाईल."

रविवारी आम्ही तिघं जिने चढून तिच्या घरी गेलो. बाबा खाटेवर बसले होते. साहेबांना कुणी बसा म्हटलं नाही. त्यांनी उभ्यानेच वाचलं: "वेष्टनात एकेचाळीस पाणझाडं आढळली. कारागिराच्या कामात दोष नाही."

बाबांनी कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं. पुन्हा वाचा."

साहेबांनी पुन्हा वाचलं.

"जरा मोठ्याने."

ताईने जिन्याकडचं दार सताड उघडलं. वरचे-खालचे शेजारी कठड्याशी येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचून साहेबांचा आवाज बसला. बाबांचा हात कानामागेच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पुन्हा," ते म्हणाले.

त्यांच्या कानांना काहीएक झालेलं नव्हतं.