धक्क्यावरचा जपानी पुजारी

लाल लाकडी कमानीच्या मधोमध कोणी चालला की त्याच्या नडगीवर काठी बसायचीच. "कडेने चाल. मधली वाट देवाची," एवढंच म्हातारा बोलायचा. माझ्याही नडगीवर बसली आहे. कौन्सिलच्या साहेबांना बसली तेव्हा तर आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

वेल्समधल्या कार्डिफजवळच्या आमच्या बंदरात, धक्क्याला लागूनच्या परसात त्याने हे शिंतो देऊळ उभारलं होतं. जहाजांची इंजिनं सांभाळण्यात जन्म गेलेला जपानी माणूस. त्याच्या गावचे कोळी असल्याच देवळातून ताईत घेऊन समुद्रावर जात. इथले वेल्श कोळी आधी हसले, मग एकेक जण ताईत मागायला येऊ लागला. तुम्हीही आला असतात. समुद्रावर पोट असलेला माणूस कुठल्याच देवाला नाही म्हणत नाही. मी आंबेडकरी घरातला, देव न मानणारा. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "देवाला चालेल. तू गवत काप."

मागच्या हिवाळ्यात वादळात एक बोट उलटली. दोघे भाऊ होते, धाकटा बुडाला. बोटीवर म्हाताऱ्याचा ताईत होता. तिसऱ्या दिवशी थोरला पहार घेऊन आला. आधी कमान फोडली, मग देऊळ, मग म्हाताऱ्याला धरलं. मी कुंपणावरून उडी मारून पोचलो तेव्हा तो बरगड्यांत लाथा घालत होता आणि म्हातारा काठी न उचलता पडून होता. मी कोळ्याच्या तोंडावर दात पडेपर्यंत ठोसे मारले. लपवत नाही, बरं वाटलं.

बायको म्हणाली, "अरे, पोलिसांना फोन कर ना, सरळसरळ असॉल्ट आहे हा." पण म्हाताऱ्याने हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. मला त्याचा भयंकर राग आला.

बरगडी फुप्फुसात घुसली होती. दहाव्या दिवशी कळलं, थोरला दुसरी बोट घेऊन एकटाच निघालाय. म्हाताऱ्याने माझ्याकडून घरातला नवा ताईत मागवला, हातात धरून काहीतरी पुटपुटला आणि मला परत दिला. "त्याला दे. तसाच जाऊ नये तो."

धक्क्यावर कोळ्याने ताईत हिसकावला, त्यावर थुंकला आणि पाण्यात भिरकावला. मग कॉलर धरून मला खांबावर आपटलं. भुवई फुटली. तो बोट काढून निघून गेला.

हॉस्पिटलमध्ये परतलो तेव्हा म्हाताऱ्याला धाप लागली होती. खोटं न बोलण्याचं शील मी लहानपणापासून विहारात म्हणत आलोय.

"घेतला?"

"घेतला."

"कसा घेतला?"

"दोन्ही हातांनी," मी म्हणालो. त्यांच्यात पवित्र वस्तू तशीच घेतात.

माझ्या भुवईकडे त्याने बराच वेळ पाहिलं. "छान," म्हणाला आणि डोळे मिटले. पहाटे तो गेला.

दुपारी थोरल्याची बोट धक्क्याला लागली, सुखरूप. हे खरं होतं, पण ऐकायला म्हातारा नव्हता.