आबांचा तंबू आणि तीन डझन लिंबं

तंबू बांधावा तर मीच, असं मला जवळजवळ सहा महिने वाटत होतं. खालापूरच्या कचेरीत मी कारकून. जुनी दप्तरं रुमालात आवळायची, वर दुहेरी गाठ मारायची आणि फडताळात कोंबायची, हे माझं रोजचं काम. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. तोच हात मी सासऱ्यांच्या तंबूवर चालवला. घडीवर घडी, घडीवर गुडघा, सुतळीचे चार आडवे आणि दोन उभे फेरे. शिवाय माझी स्वतःची अक्कल म्हणून सगळ्याला खताच्या गोणीतलं प्लास्टिक गुंडाळलं. आमच्याकडे लावणीला बायामाणसं तेच प्लास्टिक डोक्यावरून घेतात आणि दिवसभराच्या पावसात कोरडी राहतात. माणूस कोरडा राहतो, मग तंबू का नाही राहणार? तंबू आत घातला तेव्हाच ओला होता, एवढी एक बारीक गोष्ट माझ्या या युक्तिवादातून निसटली.

तो ओला झाला होता सरकारी कामात. भात पिकलं की शेतातला ठरावीक तुकडा मोजून घ्यायचा, तेवढंच कापून झोडायचं, वजन करायचं आणि कागदावर लिहायचं, असं एक काम कचेरीकडे असे. त्या वर्षी लोधिवलीजवळच्या एका शेतात ते माझ्या वाट्याला आलं. उन्हात कागद घेऊन कुठे बसणार, म्हणून मी कोंडाण्याहून सासऱ्यांचा तंबू मागून आणला. दुपारी परतीच्या पावसाची सर आली, पाठोपाठ एसटीची वेळ झाली. तंबू पाडला, टपावर टाकला, घरी आल्यावर वर सांगितलं तसा बांधला आणि पलंगाखाली सारला.

आता हा तंबू म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, फौजेत होते. सुटून आले तेव्हा लिलावातला हा जाड कॅनव्हासचा तंबू पाठीवर टाकून आणला. छप्पन साली दीक्षा घेतल्यानंतर कोंडाण्याच्या डोंगराखाली आसपासच्या वाड्यांतली आमची माणसं पहिल्यांदा बुद्धपौर्णिमेला जमली. वैशाखाचं ऊन. शेजारी कुणाची पडवी होती, कुणाचा मांडव होता. पण तिथे बसा म्हणणारं कोणी नव्हतं. आबांनी तंबू ठोकला आणि म्हाताऱ्या बायकांना आत बसवलं. तेव्हापासून दर पौर्णिमेला तंबू तिथेच उभा राहायचा आणि पहिली दोरी आबाच बांधायचे.

चैत्र संपता संपता आबांचा निरोप आला: "तंबू घेऊन या. मी आता थकलो. यापुढं तो कुणी सांभाळायचा, ते पौर्णिमेला ठरवू."

निरोप ऐकून मी बायकोकडे पाहिलं. तिने वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडंच राहू द्या आबा. हे जिवापाड जपतील." हे म्हणजे मी.

मी मोठ्या ऐटीत पलंगाखालून गाठोडं ओढलं, सुतळी कापली आणि प्लास्टिक उघडलं. कुजलेल्या पेंढ्यातून येतो तसला वास खोलीभर झाला. हिरवट कॅनव्हासवर काळे ठिपके, ठिपक्यांभोवती पांढरी लव. काही ठिकाणी तर पोळीवर येते तशी बुरशीची जाड साय.

बायको दारात उभी होती. पुढे येऊन तिने कॅनव्हासची एक कड उचलून पाहिली. मग म्हणाली, "आबा याच्याखाली आमाला निजवायचे."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी लगेच पराक्रमाला लागलो. अंगणात तंबू पसरला, त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि भांडी घासायच्या काथ्याने रगडायला सुरुवात केली. पाच मिनिटांत सुटे सुटे ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले आणि परातीएवढा काळा डाग तयार झाला.

"थांबा," बायको म्हणाली. "तुमी जेवढं घासताय, तेवढं ते पसरतंय. कर्जतला चाचांकडं घेऊन जावा."

चाचा म्हणजे कर्जतच्या बाजारात ट्रकच्या ताडपत्र्या आणि गाड्यांची छतं शिवणारे एक म्हातारे गृहस्थ. किनाऱ्याकडून आलेलं मुसलमान घराणं, तीन पिढ्या हेच काम. आबांची त्यांच्याशी जुनी ओळख. मी दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर टाकायचा म्हणून तंबू पुन्हा चार आडव्या, दोन उभ्या फेऱ्यांत आवळला आणि त्यांच्या दुकानात नेऊन ठेवला.

चाचांनी आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"हे बांधलं कुणी?"

"मीच."

"कचेरीत हाय ना तुमी?"

"हो. कसं ओळखलंत?"

"मयतालाबी कोणी एवढं आवळत नाय."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. चाचांनी तंबू उलगडला आणि तो काळा डाग बघून हात थांबवला.

"वल्ली घासली का?"

"हो. काथ्याने."

"वल्ली बुरशी घासली की ती कापडाच्या पोटात जाते. आधी सुकवायची, मग झाडायची. तुमी उलटं केलंत." मग त्यांनी एक जागा दोन्ही अंगठ्यांत धरली. "आता बघू जित्तं हाय का. जित्तं कापड वढ घेतं, मेलेलं कागदावानी फाटतं."

छताच्या मध्यावर ओढलं, कापड टिकलं. शिवणीपाशी ओढलं, टिकलं. तो काळा डाग ओढला, तोही टिकला. खालच्या काठाशी, एका कोपऱ्यात मात्र चर्र झालं आणि वीतभर कापड हातात आलं.

"एवढंच गेलं," चाचा म्हणाले. "बाकी फौजेचा माल हाय. तुमच्याकडनंबी वाचला."

त्या कोपऱ्याला त्यांनी तिथेच बसून जुन्या कॅनव्हासचा जोड दिला, मेण लावलेल्या दोऱ्याने, दुहेरी टाके घालून. हात चालू आणि तोंडही. मी खिशातली वही काढली. "लिवू नका," ते म्हणाले, "लिवलेलं तुमी दप्तरात बांधून टाकाल. ध्यानात ठेवा." तरी मी परतताना एसटीत बसून लिहिलंच. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मग आमच्या अंगणात जे सुरू झालं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना बरेच दिवस बोलायला पुरलं. आधी दोन दिवस तंबू नुसता उन्हात, दोरीवर उलटसुलट. खडखडीत वाळल्यावर नाकातोंडाला पंचा बांधून, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ कुंच्याने हलक्या हाताने झाडायचा. आणि झाडायचा घरापासून लांब, कारण चाचांनी बजावलं होतं, ती भुकटी धान्यात गेली तर वर्षभर तुमच्याच पोटात जाईल. मी परसाच्या टोकाला पंचा बांधून उभा, आणि शेजारच्या काकू कुंपणावरून बायकोला विचारताहेत, "काय गं, ह्यांना मधमाश्या लागल्या काय?"

त्यानंतर लिंबू आणि मीठ. साबणाची पूड नको, धुण्याचा सोडा नको, पांढरं करायचं औषध तर नकोच, सूत जळतं. डागावर लिंबाच्या रसात मीठ कालवून लावायचं, उन्हात ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. डाग पुरता जाणार नाही, पण बुरशी मरेल. शेजारच्या काकूंनी हसणं संपवून स्वतःच्या झाडाची तीन डझन लिंबं टोपलीतून आणून दिली. ती टोपली मी विसरलेलो नाही. मी लिंबं कापायचो आणि डागांवर चोळायचो. दप्तरं हाताळणारे माझे हात. दुसऱ्या दिवशी बोटांना चिरा पडल्या आणि मीठ त्या चिरांत नीट पोचलं. बायको शेजारी बसून निम्मं काम करत होती. तिला काही होत नव्हतं. तिचे हात लहानपणापासून लावणीतले.

"सांगायचं का आबांना?" मी विचारलं.

"तुमीच ठरवा."

"पौर्णिमा झाल्यावर सांगू."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं लिंबू माझ्याकडे सरकवलं.

धुऊन वाळल्यावर शेवटचं काम. साबणाची वडी किसून गरम पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी कापडाला पाजायचं. ते वाळलं की वरून तुरटीचं पाणी. साबण आणि तुरटी मिळून कापडात असं काही बसतं की पाण्याचा थेंब वरच्या वर घरंगळतो. हे का होतं ते चाचांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण संध्याकाळी बायकोने तांब्यातून पाणी शिंपडलं, थेंब पाऱ्यासारखे पळाले, आणि आम्ही दोघं चार-पाच तांबे उगाचच शिंपडत राहिलो.

पौर्णिमेला पहाटेच्या गाडीने कोंडाण्याला पोचलो. तंबू या वेळी सैल गुंडाळलेला, जुन्या चादरीत. आबा काठी टेकत आले. तंबू पसरल्यावर खाली वाकून त्यांनी कापड नाकाला लावलं. त्यांनी करड्या डागांवरून हात फिरवला, कोपऱ्यातल्या जोडाशी क्षणभर थांबले आणि पहिली दोरी बांधली. तेवढ्यात मी खुंटी ठोकायला गेलो आणि लिंबाने चिरलेल्या बोटावर हातोडी बसली. आबांनी माझे हात पाहिले, तेही नुसते पाहिले.

दिवसभर माणसं येत होती. म्हाताऱ्या बायका आत बसल्या, पोरं पाण्याच्या रांजणाभोवती. वंदना झाली, खीर वाटली. मी डागांकडे पाठ करून बसायचा प्रयत्न केला, पण तंबूत सगळीकडे छतच असतं.

ऊन उतरल्यावर दोन तरुण तंबू सोडायला आले. दोऱ्या सोडल्या, घडी घालायला लागले. रांजण तिथेच होता, त्याचं पाणी सांडून खालची कड भिजली होती. मी काही विचार न करता पुढे गेलो, घडी उलगडली आणि खालची शिवण उचलून गालाला लावली. हे चाचांचंच शिक्षण होतं. हाताला कोरडी लागलेली शिवण गालाला ओली लागते.

"ओली आहे," मी म्हणालो. "अर्धा तास पसरून ठेवा. मग बांधू."

सगळे बघत राहिले. सरकारी माणूस तंबूला गाल लावून उभा, हे रोज दिसत नाही. आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. अर्धा तास गेला, मी पुन्हा गाल लावला, मग सैल घडी घातली. आबा उठले.

"जावईबापू," ते म्हणाले, "न्या. तुमच्याकडंच राहू दे."

आणि काठी टेकत घराकडे वळले.

त्या तंबूने पुढे पुष्कळ पौर्णिमा पाहिल्या. त्यातल्या शेवटच्या काही आबांशिवाय. तो पलंगाखाली परत कधी गेला नाही. माळ्यावर दोन बांबू आडवे टाकून त्यांवर मोकळा असायचा, आणि पावसाळ्यात जरा उघडीप मिळाली की आम्ही त्याला आजाऱ्यासारखं अंगणात आणून बसवायचो. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी नीट सांभाळल्या. त्यातली ही एक, आणि तीही मला चाचांनी, शेजारच्या काकूंनी आणि बायकोने हाताला धरून शिकवली. चाचांचा तो जोड तंबूच्याही पुढे टिकला. बाकीचं कापड विरलं तेव्हा तेवढा तुकडा मी कापून ठेवला.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. गाडीत तंबू मांडीवर घेऊन मी बायकोला विचारलं, "आबांना कळलं असेल का गं?"

"सकाळीच कळलं. तुमचे हात बघून मला इचारलं, जावयाला लोणचं घालायला बसवलंस काय गं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, व्हय आबा, तंबूचं घातलंय. मुरलंय का ते तुमीच बघा."