हलकं पिस्तूल

डिचोलीतले आमचे शेजारी पोलीस हवालदार, एका मंत्र्याचे अंगरक्षक. जुनं पोलादी पिस्तूल जाऊन त्यांना प्लास्टिकच्या सांगाड्याचं नवं मिळालं. हलकं आहे, घामानं गंजत नाही, मी फायदे मोजून दाखवले. ते चिडले.

"लोखंड कमरेक ओढता, वहिनी, म्हणान ध्यानात रवता. ह्या प्लास्टिक काय कामाचा?"

पुढे पेडण्याच्या एका लग्नात ते पिस्तूल हॉलच्या शौचालयात विसरले आणि निलंबित झाले. मंत्री आता ओळख दाखवत नाही.

"प्लास्टिकान माझो घात केलो," ते सगळ्यांना सांगतात. बायको आत निघून जाते.

सकाळी पोदेराकडून पाव घ्यायला फाटकाशी आले, की त्यांचा हात लुंगीवर कमरेपाशी जातो. आता मात्र ते चाचपून पाहायला एकदाही विसरत नाहीत.