माझी बातमी अमेरिकेतल्या पानावर

मंडळी, आज मी नगरच्या सायबर कॅफेत भांडायच्या तयारीनं गेलो होतो आणि थक्क होऊन परतलो.

मी राजूरचा वार्ताहर. डोंगरातल्या एका वाडीतल्या बायकांनी बुजलेला झरा मोकळा केला, ती माझी बातमी आमच्या पेपरच्या वेबसाइटवरही आली. काल नगरहून भाचीचा फोन आला, "मामा, तुमची बातमी अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या पानावर हाय!" मला वाटलं, झाली चोरी.

आज तिनं ते पान उघडलं. तिथं फक्त मथळा, माझं नाव आणि खाली रेघ मारलेली निळी अक्षरं.

"आन् बातमी कुठंय?"

"ही अक्षरं दाबा की."

मी दाबली. पडद्यावर वरून खाली, सावकाश, आमच्याच पेपरचं पान उतरलं. माझी बातमी जागची हललीच नव्हती. सातासमुद्रापलीकडचा वाचक तिच्या दारात येत होता!

पान चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "लेख आणि फोटो त्यांचे आहेत. परवानगीशिवाय इथे उतरवणार नाही. तिकडे जाऊनच वाचा."

त्याखाली एका वाचकाचा अभिप्राय होता, "जाऊन वाचलं. फोटोत हंडा घेतलेली माझी आई आहे. किती वर्षांनी दिसली!"

मला पुढचं वाचवेना.

काहीजण म्हणतात, निळ्या अक्षरांनी अशी नुसती वाट दाखवायलाही पेपरची परवानगी हवी. तुम्हाला काय वाटतं? मला तर आजपासून ही वाट कुणी अडवू नये असंच वाटतंय.