शंभरपटीची म्हैस

करुणा, तू म्हैस देऊन टाकलीस हे मला आधी खरंच वाटेना. नवरा चिखल्याच्या खाणीत दगावला तेव्हा अनुप पाळण्यात होता. तू दवाखान्यात आया म्हणून राबलीस, पण पोराला शिकवलंस ते दूध विकून. आणि तीच दुभती म्हैस नेऊन शेजारच्या ललिताबाईच्या दारात बांधलीस. का, तर रविवारच्या प्रार्थनेत त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट निघाली. येशूनं त्याला म्हटलं, असेल ते विक, गरिबांना वाट, मग ये.

मी विहारात जाणारी बाई. तुझ्या बायबलशी माझं भांडण नाही. अनुप मात्र भांडला.

"आई, घरच्याइले जो पाहात नाही तो अविश्वासी माणसाहून वाईट, हेबी त्यातच लिवलं हाय."

"तू उपाशी हायेस का? पोट पाह्य आपलं."

विषय तिथंच मिटला.

पंधरवड्यानं पाहते तर ललिताबाईचा खुंटा रिकामा. विचारलं, म्हैस कुठंय?

"विकली, बाई. पैसे तुमसरच्या पास्टरले देल्ले. देवासाठी सोडलं का शंभरपट भेटते म्हणे. अब्राहामाजवळ कितीक ढोरं होते."

तिची दोन्ही पोरं उंबऱ्यात कोरा चहा पीत होती. 

तशीच तुझ्याकडे आले. तू बायबल काढलंस, पान उघडलंस आणि बोट ठेवून बसलीस. तो तरुण जिथं खिन्न होऊन निघून जातो, त्याच पानावर खाली शंभरपट होतं. एकाच पानावर.

"पण बाई, छळबी होईल असं लिवलं हाय इथं. पास्टरनं तेवढं वाचलं नसन."

"उद्या ललिताबाईला घेऊन तुमसरला चल. पैसे परत मागू. मी बोलते त्याच्याशी," मी म्हटलं. तू हो म्हणालीस.

सकाळी ललिताबाईला सोबत घ्यायला गेलो, तर ती गोठ्याची कुडाची भिंत पाडत होती.

"शंभर मावतीन का एवढ्यात?" ती म्हणाली, आणि बांबू उपसत राहिली.

तू माझा पदर ओढलास. "इले आता कोन्या तोंडानं सांगू, बाई?"

बस आली, गेली. मी म्हटलं, बरं, उद्या. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, परवा. ती गोठा सारवते आहे, पोरं कोरा चहा पिताहेत, आणि आपण दोघी अजून तुमसरला गेलेलो नाही.