विहीणबाईंच्या हातचा बर्फ

श्रीनगरच्या जुन्या भागातल्या आमच्या बोळात हिवाळा भाद्रपदातच सुरू व्हायचा. बाकीचं शहर तेव्हा झेलमच्या काठावर टरबुजं फोडत बसलेलं असे. पण मुख्ता देदच्या तीन मजली लाकडी घराच्या खिडक्यांतून वांग्यांच्या, सलगमच्या चकत्यांच्या आणि दुधीच्या फितींच्या माळा लोंबायला लागल्या, की बोळाला कळायचं, थंडी घरून निघाली आहे. नवख्या माणसाला वाटे, या घरात लग्न दिसतंय. जुना माणूस सांगे, "लग्न नाही बाबा, वांग्यांचं बारसं आहे. आता माघापर्यंत हीच वांगी मांडीवर घेऊन बसायची."

देद म्हणजे आईच्या मानाची थोरली बाई. तोंडावर सगळे तिला मुख्ता देदच म्हणत. पाठीमागे मात्र ती 'मुख्ता वाळवण' होती. आमच्याकडे आईबाप नाव ठेवतात ते कागदपत्रापुरतं. खरं नाव बोळ ठेवतो, आणि ते नातवंडांपर्यंत पुरतं.

"माणूस थंडीनं मरत नाही," मुख्ता म्हणायची, "माघातल्या भाजीवाल्याचा भाव ऐकून मरतो." म्हणून ती भाजी स्वस्त असतानाच घ्यायची, तीही बाजार उठताना, भाजीवाल्याला टोपली घरी नेण्याचा कंटाळा आलेला असताना. चिनारची पानं झडली की झाडू घेऊन पहाटेच हजर. पानं जाळायची, वर पाणी शिंपडायचं, आणि कांगडीला, म्हणजे अंगाशी धरायच्या वेताच्या शेगडीला लागणारा सबंध हिवाळ्याचा कोळसा तयार. खिडक्यांना काचेऐवजी खताच्या गोण्यांतलं प्लॅस्टिक. फटींना भाताच्या पेजेनं चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रं. तिचा नवरा खज़िर मोहम्मद कागदाच्या लगद्याच्या डब्यांवर वेलबुट्टी काढायचा. हे काम उन्हाळ्यात प्रवासी आले तर पैशाचं, आणि हिवाळ्यात नुसतंच सुंदर. हा सज्जन माणूस चार महिने भिंतीवरच्या त्याच बातम्या वाचायचा आणि दर वेळी तितक्याच काळजीनं मान हलवायचा.

"ऐकलंस का, साखर महागणार म्हणतात."

"महागून स्वस्त होऊन परत महागली, अहो. ती फट तीन वर्षांपूर्वीची आहे."

त्या वर्षी मात्र मुख्ताच्या साठवणीत एक जिवंत जिन्नस होता. वसंतात शिकारा नावाची होडी वल्हवणाऱ्या एका नावाड्याकडून तिनं हंसाचं एक मरतुकडं पिल्लू फुकट आणलं होतं. उष्ट्याखरकट्यावर आणि नदीतल्या शेवाळावर वाढून त्याचा असा काही नर झाला, की छाती काढून बोळातनं चालायला लागला की लोक भिंतीला लागत. तो विनाकारण प्रत्येकाला चावायचा आणि वर कुणाकडे ढुंकूनही बघायचा नाही, म्हणून बोळानं त्याचं नाव ठेवलं तहसीलदार.

तहसीलदाराचं पुढचं मुख्तानं ठरवून टाकलं होतं. तिची एकुलती एक लेक दिलशादा शरदातच लग्न होऊन पुलापलीकडे नांदायला गेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या सासरी माहेरून हरीसा जायलाच हवा. रात्रभर तांदळाबरोबर शिजवून, घोटून घोटून लोण्यासारखं केलेलं मांस, वर कडकडीत तूप. नाही गेला, तर मुलगी म्हातारी होऊन सुनांना हरीसा वाढायला लागली तरी तिला ऐकून घ्यावं लागतं. त्यातून दिलशादाची सासू हाजरा बेगम म्हणजे तूप वाटीत किती उंच तरंगतंय ते लांबूनच सांगणारी बाई. खाटकाकडचं मटण मुख्ताच्या आवाक्याबाहेरचं. तेव्हा तहसीलदार हाच लेकीचा मान होता, आणि तो अंगणात फिरत होता.

आता यात घोटाळा काय, तर पहिला बर्फ.

आमच्याकडे पहिला बर्फ पडला की त्या दिवशी कुणी कुणाच्या हातून काही घेऊ नये. देणाऱ्यानं आत बर्फ लपवलेला असतो. तुम्ही घेतलात की फसलात. ज्याच्या हातून घेतलात तो मागेल ते द्यायचं. पण घेण्याआधी ओळखलंत आणि त्याचं मनगट धरलंत, तर डाव उलटतो, मग दंड त्यानं भरायचा. यात मोठे मोठे लोक बुडाले आहेत. आमच्या बोळाचा नानबाई, म्हणजे पाव भाजणारा भट्टीवाला सलाम, ऊर्फ सलाम बोका, दर वर्षी एक तरी शिकार करायचा आणि सबंध बोळाला तिच्या घरी जेवू घालायचा. फक्त मुख्ता देद कधी कुणाला सापडली नव्हती.

"देद, या साली तुझा नंबर," भट्टीसमोर गिऱ्हाइकांच्या गर्दीत सलामनं जाहीर केलं. "सगळा बोळ जेवणार. सलगमच्या वाळवणात शिजवलेला तहसीलदार!"

"तुझ्या भट्टीत आधी तुझा पाव नीट शिजव," मुख्ता म्हणाली. "सकाळचा मधे कच्चा होता."

ती बोलली खरी, पण घरी जाऊन तिनं तहसीलदाराला जिन्याखाली बांधलं.

एका सकाळी खिडकीवरच्या प्लॅस्टिकमधून दुधासारखा उजेड आत आला आणि मुख्ता ताडकन उठून बसली. बोळ पांढरा झाला होता. तिनं पहिलं काम केलं ते नवऱ्याचे दोन्ही हात त्याच्या घोळदार लोकरी झग्याच्या, फेरनच्या आत घालून बाह्यांना गाठी मारण्याचं.

"अगं, चहा कसा पिऊ?"

"मी पाजते. आज तुमच्या हातांवर माझा भरवसा नाही."

थोड्याच वेळात शेजारची फाझी चरख्याची चाती घेऊन आली. "देद, तुझी चाती, कालपासून राहिली होती माझ्याकडे."

"ठेव कोनाड्यात."

"हातात घे की गं, इतकं काय?"

"चाती माझी, कोनाडा माझा. त्या दोघांची ओळख आहे."

फाझी गेली. कोनाड्यात हळूहळू पाण्याचं थारोळं झालं.

मग खुद्द सलाम बोका आला, तोंडावर पीठ आणि हातात वाफाळता पाव. "देद, पहिल्या बर्फाचा पाव. फुकट!"

फुकट हा शब्द मुख्ताच्या काळजात घुसला. आयुष्यात तिनं फुकटची वस्तू परत पाठवली नव्हती. तिनं एकदा पावाकडे पाहिलं, एकदा सलामकडे, आणि चुलीतला चिमटा आणून पाव अल्लद उचलला. मोडून पाहते तो मधल्या पोकळीतून बर्फाचा गोळा टप्पकन खाली पडला.

"घेतला! घेतला!" सलाम नाचायला लागला. बोळ धावला. चिमटा म्हणजे हात की हात नव्हे, यावर रस्त्यात पंचायत बसली. अखेर कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपी म्हणाले, "चिमटा हात असता, तर त्याला थंडी वाजली असती." निकाल लागला.

"बर्फ तुझा, घेऊन जा," मुख्ता म्हणाली. "पाव माझा." आणि खज़िर मोहम्मदला तिनं तो चहात बुडवून भरवलासुद्धा.

हरलेला बोका गप्प बसता, तर बोका कसला? भट्टी बायकोवर सोपवून तो पुलाकडे गेला. मुख्तानं खिडकीच्या फटीतून त्याला जाताना पाहिलं, आणि तिला आपल्या वाटणीचा पाव जरा जड गेला.

दुपार कलायच्या आत बोळाच्या तोंडाशी हाजरा बेगम उगवल्या. पश्मिन्याची किनार लावलेला फेरन, हातात भरतकामाच्या रुमालात बांधलेला तांब्याचा कटोरा. विहीणबाई लेकीच्या लग्नानंतर प्रथमच घरी येत होत्या, त्याही पायी, बर्फातून. आणि काय योगायोग, त्याच वेळी फाझीला दारातला बर्फ लोटायचा होता, शिंप्यांना मोकळी हवा हवी होती, आणि सलाम बोका पेटती भट्टी सोडून समोरच्या भिंतीला टेकून आभाळ निरखत होता.

"विहीणबाई!" हाजरा बेगमनी दारातूनच हाक दिली. "म्हटलं, पहिला बर्फ पडला, तुमच्या लेकीच्या हातचा गरम हलवा तुम्हांला द्यावा. घ्या!"

मुख्ताचे डोळे कटोऱ्यावर खिळले. विहीणबाईंनी तो अंगापासून हातभर लांब धरला होता. आता मला सांगा, या थंडीत कोणती शहाणी बाई गरम भांडं फेरनच्या आत पोटाशी न धरता असं लांब धरून पूल ओलांडेल? तो गरम नव्हता. तो गरम होऊ नये म्हणूनच लांब होता.

म्हणजे ओळखलं तर होतं. आता मनगट धरायचं, एवढंच. पण मनगट कुणाचं? लेकीच्या सासूचं, भर बोळात, सलामच्या साक्षीनं! विहीणबाई दंड भरतील हसत हसत, आणि वसुली करतील दिलशादाकडून, आयुष्यभर. चिमटा काढावा, तर त्याहून मोठा अपमान. आणि घ्यावा, तर तहसीलदार बोळाच्या पोटात, लेकीचा हरीसा बुडाला. मुख्ताच्या तोंडाला कोरड पडली. एवढी वर्षं वाळवणं केली, पण स्वतः अशी वाळली नव्हती.

तिची नजर सलामवर गेली. बोका ओठ चाटत होता. आणि तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. मागणार कोण? सलाम? छे! ज्याच्या हातून बर्फ, त्याचीच मागणी. मागणार विहीणबाई!

"अगं बाई, माझ्या दिलूच्या हातचा!" असं म्हणत मुख्तानं दोन्ही हात पुढे केले आणि कटोरा छातीशी धरला.

बोळानं आरोळी ठोकली. सलामनं टोपी हवेत उडवली. हाजरा बेगमनी रुमालाची गाठ सोडली. आत शुभ्र, टपोरा बर्फ. "फसलात, विहीणबाई!" त्यांचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा लाल झाला. "मुख्ता देद फसली! माझ्या हातून!"

मुख्ता मटकन उंबऱ्यावर बसली आणि तिनं कपाळ बडवून घेतलं.

"आता मागू?" हाजरा बेगम म्हणाल्या. "असं बघा, या तुमच्या बोळातल्या सगळ्यांना..."

"घालीन!" मुख्ता त्यांचं वाक्य तोडत रडवेली झाली. "बोळाला जेवण घालीन, बहिणी. डाळ-भात, सुक्या वांग्याचं कालवण, म्हणाल ते. बोळाला काय, काहीही चालतं. फक्त माझ्या तहसीलदाराला हात लावू नका! पोरासारखा वाढवलाय मी त्याला. त्याचा हरीसा तेवढा मागू नका. तोही तुमच्या घरची सगळी माणसं जेवतील एवढा! मेलेच मी!"

"अगं, पण तो हरीसा तर आपण..." खज़िर मोहम्मद आतून म्हणाला. मुख्तानं मागच्या मागे त्याच्या पायावर पाय दिला. हात बाह्यांत बांधलेले असल्यानं त्याला पाय चोळताही आला नाही.

हाजरा बेगमचे डोळे लकाकले. दुखरी जागा सापडली होती. "हरीसाच!" त्या म्हणाल्या. "तहसीलदाराचा. माझ्या घरी. वर तूप दोन बोटं!"

"बेगमसाहेब," सलाम घाईघाईनं पुढे आला, "आपलं तर बोळाचं ठरलं होतं ना..."

"ठरलं होतं? कुणाशी?" मुख्तानं डोळे पुसत विचारलं. "कटोरा तुझ्या हातात होता का रे?"

"मी युक्ती दिली!"

"मग युक्तीचं तूप विहीणबाईंच्या वाटीत बघून घे, लांबून."

बोळ फिदीफिदी हसला. सलामनं टोपी शोधायला खाली वाकून बराच वेळ लावला.

"आणि तो हरीसा तुम्ही स्वतः घेऊन यायचा," हाजरा बेगमनी जाता जाता फर्मावलं. "व्याह्यांना घेऊन. माझ्या पाव्हण्यांसमोर, हरलेल्या तोंडानं!"

म्हणजे दोन माणसांचं जेवण आणि एका दिवसाचा कोळसाही वाचला. मुख्तानं आणखी एक हुंदका दिला.

ठरल्या दिवशी पुलापलीकडे हाजरा बेगमचा सगळा गोतावळा जमला होता. हरीसा असा घोटला गेला होता, की तहसीलदार जन्मात इतका मऊ कधी वागला नव्हता. तूप मोजून दोन बोटं. विहीणबाई वाढत होत्या आणि विजयाची कथा सांगत होत्या. "चिमट्यानं पाव घेणारी बाई हो! सबंध बोळाला कधी सापडली नाही. आणि मी नुसतं म्हटलं, घ्या!" दर वेळी कटोऱ्यातला बर्फ थोडा वाढत होता. मुख्ता खाली मान घालून, दुःखी चेहऱ्यानं तिसरा वाडगा संपवत होती. कोपऱ्यात दिलशादा आईकडे बघायचं कटाक्षानं टाळत होती. तिचे खांदे मात्र उगीचच हलत होते.

तेवढ्यात हाजरा बेगमच्या म्हाताऱ्या आत्यानं बोट चाटत विचारलं, "छान झालाय गं. पण सुनेच्या माहेरचा पहिल्या हिवाळ्याचा हरीसा कधी यायचाय?"

"येईल की, आत्या, येईल..." हाजरा बेगम म्हणाल्या, आणि त्यांची पळी हवेतच थांबली. त्यांनी पातेल्यात पाहिलं. पातेलं माहेरचं होतं. हिवाळा पहिला होता. हरीसा दारात येऊन, वाढून, अर्धा पोटातही गेला होता. आता दुसरा मागायचा म्हणजे भुकेलेलं घर म्हणवून घ्यायचं, आणि गप्प बसायचं म्हणजे...

त्यांनी हळूच मुख्ताकडे पाहिलं. मुख्तानं एक भलामोठा सुस्कारा सोडला, हरलेल्या माणसाचा.



"हाच की तो, आत्या!" हाजरा बेगम मोठ्यानं म्हणाल्या. "मीच म्हटलं विहीणबाईंना, पाण्यापावसात बिचाऱ्यांना दोनदा कशाला त्रास? दंड आणि मान, एकातच उरकून घेऊ."

"मोठ्या मनाची गं तू," आत्या म्हणाली.

"आहेच मी," असं म्हणून हाजरा बेगम पातेलं घेऊन मुख्तापुढे आल्या, वाकल्या, आणि तिच्या कानाशी दात आवळून, पण हसत पुटपुटल्या, "जेवा, विहीणबाई. हरलेल्या माणसानं पोटभर जेवावं."

"नको, नको," म्हणत मुख्तानं वाडगा पुढे केला.