पंचाचे बाबा

"सरक ना बे बाजूले!"

असं ते टीव्हीतल्या खेळाडूला म्हणायचे. तो बिचारा जिवाच्या आकांतानं चढाई करत असायचा. यांचं म्हणणं एवढंच, की तो नेमका त्यांच्या मुलीसमोर आलाय.

तुमच्याही ओळखीत खेळाचे वेडे असतील. पण कबड्डीचा सामना लावून फक्त पंचाकडे पाहणारा माणूस मी नाचणगावात एकच पाहिला. आमच्या समोरच राहायचे. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः मैदान गाजवलेले. मुलगीही खेळायची, पण गुडघा गेला आणि ती पंच झाली. पुढे मोठ्या स्पर्धांत तिची नेमणूक होऊ लागली, सामने टीव्हीवर दाखवू लागले. कॅमेरा मात्र खेळाडूंच्या मागे धावतो. पंच दिसणार कडेला, क्षणभर, तेही पुसट.

टीव्ही नवा होता, डिशचा बॉक्स जुनाच. एका सकाळी ते माझ्याकडे आले.

"मास्तर, तो एचडी बॉक्स लावला तं चेहरा साफ दिसते का?"

"दिसेल की."

"अन् रेकॉर्डिंग?"

"तेही होतं."

"मंग चाला पुलगावले."

पुलगावहून आणलेल्या डिशवाल्यानं गच्चीवरची छत्री जराशी फिरवली, नवा बॉक्स बसवला, रेकॉर्डिंगसाठी मागे हार्ड डिस्क जोडली. चॅनल कोणते ठेवू, असं त्यानं विचारलं.

"कबड्डी लागते ते. बाकी तुह्या मनानं दे."

"माह्या भजनाचं तं राहू दे गा!" काकू सैपाकघरातून ओरडल्या.

त्या दिवसापासून त्यांचे सामने संपेनात. मुलगी दिसली की चित्र थांबवायचं. "पाहा मास्तर, मानेवरचा तीळ दिसून राह्यला!" एकदा तर ती हात वर करून पडद्यावर थांबलेली आणि हे समोर बसून निवांत जेवत होते.

मग तो उपांत्य सामना आला. अर्धी गल्ली त्यांच्या घरात जमली होती. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. चढाई करणारी पोरगी कडेच्या रेषेजवळ झेपावली आणि पंचानं, म्हणजे यांच्या मुलीनं, पाय बाहेर गेला म्हणून तिला बाद दिलं. ती पोरगी मॅटवरच रडायला लागली. प्रेक्षकांनी गोंधळ घातला. तिथं निर्णय पुन्हा तपासायची सोय नव्हती. आमच्यातला एक जण बोलून गेला, "पंचानं सामना खाल्ला!" आणि यांच्याकडे पाहून त्यानं जीभ चावली.

हळूहळू सगळे उठून गेले, मी तेवढा थांबलो. त्यांनी रेकॉर्डिंग मागे घेतलं, सावकाश पुढे नेलं, थांबवलं. चित्र लख्ख होतं. पाय रेषेच्या आत होता. त्यांनी पुन्हा लावलं. पाय आतच होता.

इतक्यात फोन वाजला. कमी ऐकू यायचं म्हणून ते स्पीकर लावून बोलत.

"बाबा, पाह्यलं?"

"पाह्यलं."

"चुकलं का माहं?"

मी हातानं खूण केली, नाही म्हणा. ते पडद्याकडे पाहत राहिले.

"चुकलं, बाई. पाय आत होता."

पलीकडून हुंदका आला.

"आयक. तुह्या अन् रेषेच्या मधात दोन पोरी होत्या. तुले दिसलं तसं तू देलं. कोनाले भिऊन नाई देलं. आता मुख्य पंचाले सोताहून सांगजो. अन् जेवजो."

तिनं सांगितलं. अंतिम सामन्याला तिला बसवून ठेवलं. तरी यांनी तो सामना रेकॉर्डिंगला लावला आणि शेवटपर्यंत पाहिला, एकदाही न थांबवता. मला म्हणाले, "आपल्या हातानं पोरीले घरी बसवलं म्या." मग थोड्या वेळानं, "पन खोटं कसं बोलू? तिनं इचारलं ना मले."

त्याच उन्हाळ्यात ते गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

पुढच्या मोसमात मुलीला पुन्हा बोलावणं आलं. आजवर कबड्डीकडे ढुंकूनही न पाहिलेल्या काकूंनी मला टीव्ही लावायला बोलावलं. मी मुलगी दाखवली. काकू खाली बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. मध्यंतर झालं, जाहिराती सुरू झाल्या.

"एवढी उभी हाये पोरगी," काकू म्हणाल्या, "तिले पानी देतेत का जी कोनी?"